दोनशे हातांवरचं अत्तर

बायकोनं चार हिवाळे घालून सिद्ध केलेलं अत्तर वैशाखातल्या एका रविवारी नेकनूरला सकाळी साडेदहा ते साडेअकरा या एका तासात संपलं. संपवलं तिच्या माहेरच्यांनी. बाटली त्यांच्यापर्यंत पोचली ती माझ्यामुळे. साक्षीदार दोनशेच्या आसपास होते आणि प्रत्येकाच्या हातावर पुरावा होता, त्यामुळे यातलं काही नाकारायची सोय मला नाही.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या सोबतच्या बाईंनी शिवणाचं मशीन घेतलं. हिनं देवबाभूळ धरली. बीडच्या आमच्या घरापासून मैलभरावर एका पडीक शेताच्या बांधावर ही झुडपं आहेत. पौष-माघात त्यांना पिवळे, लोकरीच्या गोळ्यांसारखे गोंडे येतात आणि त्यांचा वास शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. गोंडा तोडायला हात घातला की काटा लागतो. अपवाद नाही. हिवाळाभर तिची बोटं पाहून शेजारच्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरी सगळं ठीक हाय ना?"

पद्धत अशी. एक वाटी तिळाचं तेल. त्यात रोज ताजे गोंडे, दुसऱ्या दिवशी ते काढून नवे, असं महिनाभर. दुसऱ्या भांड्यात मंद आचेवरच्या तेलात लवंग, दालचिनी आणि दगडफूल. तिसरा जिन्नस डोंगरातून मध काढून आणणाऱ्यांकडचा: मध पिळून झाल्यावर उरलेलं काळपट पोळं. त्याचं मेण वितळवून गाळायचं आणि तिन्ही एकत्र करायचे, कुठल्या प्रमाणात ते तिच्या वहीत आहे. पहिल्या हिवाळ्यात जे झालं त्याला मारुतीच्या देवळातल्या समईचा वास होता. दुसऱ्या वर्षी ते खवट झालं. तिसऱ्या वर्षी बरं झालं, पण ती म्हणाली, "बरं म्हणजे नापासच." चौथ्या वर्षी झालं.

ते नाकाशी नेलं की आधी लवंग येते. चांगली रागावलेली लवंग. तिच्यामागून दालचिनी, आणि पावसाळी दगडासारखा दगडफुलाचा गारवा. वीसेक मिनिटांनी लवंग बाजूला सरते आणि फूल उघडतं. त्यानंतर दोन-तीन तासांनी उरते ती ऊब. मध चाखल्यावर घशाला जाणवते तशी ती नाकाला जाणवते. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या छाटल्या, विशेषणं दिसली की काढली. या अत्तराबद्दल मी पहिल्यांदा स्वतः होऊन विशेषण वापरलं. "नामी," मी म्हणालो. बायकोनं वहीत तारीख घातली.

माहेरी मात्र वेगळं मत होतं. तिथं कोणी वीस मिनिटं थांबलंच नाही. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, बाटली हुंगून म्हणाला, "आमच्या बाईनं अत्तर म्हनून येसूर केलंय. दोन थेंब आमटीत टाका, दुसरा मसाला नको." त्या दिवसापासून घरात त्या बाटलीचं नाव येसूर पडलं.

बाटली एकच होती. खोकल्याच्या औषधाची असते तशी तपकिरी, तेवढीच. एका हिवाळ्याची फुलं तेवढ्यातच मावली. तिच्यातली एक छोटी कुपी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं पुण्याला नेली आणि तिथल्या एका लहानशा दुकानात दिली. ते दुकान चालवणारी बाई निरनिराळ्या गावांतल्या लोकांनी घरी, थोडीथोडी केलेली अत्तरं ठेवते. बड्या कंपन्यांचं काही ठेवत नाही. आठवड्यानं तिचा फोन आला. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला, कारण तिला साक्षीदार हवा होता.

"वास वेगळा आहे," ती बाई म्हणाली. "पण लवंग फार पुढे येते. मी पंधरा मिनिटांनी कागदाची पट्टी बाजूला ठेवली."

"विसाव्या मिनिटाला ते सुरू होतं," बायको म्हणाली.

"मग मला कातडीवर दाखवा. तीन-चार तास. माझ्याकडची कुपी संपली."

दुकानाची पुढच्या वर्षाची यादी त्या महिनाअखेर ठरणार होती. यादीत एक जागा उरली होती आणि तिच्यासाठी आणखी दोन अत्तरं रांगेत होती. निवड झाली तर माल पुढच्या हिवाळ्यातल्या फुलांचा द्यायचा. त्या बाईला वेळ फक्त एका रविवारी होता. त्याच रविवारी नेकनूरला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. बायको म्हणाली, "तिकडंच या. जेवायला या." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "यावेळी झालं तर झालं. नाहीतर मी ती झुडपं शेळ्यांना सोडणार. पाचव्यांदा काटे खायची माझी तयारी नाही." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून मी ते गंभीरपणे घेतलं.

आता माझी चूक.

साखरपुड्यात पाहुण्यांना लावायचं अत्तर बीडहून आणायची जबाबदारी माझ्यावर होती. मी ते शनिवारी आणलं. मोगऱ्याचं, नेहमीचं. आणि घरी फ्रिजवर ठेवलं. रविवारी सकाळी आम्ही एसटीनं नेकनूरला गेलो तेव्हा ते फ्रिजवरच होतं. माझ्या पिशवीत बाटली होती ती बायकोची. तिच्या स्वतःच्या पिशवीत ओटीचे नारळ होते आणि नारळांनी बाटली फुटेल म्हणून तिनं ती रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिली होती. पोचल्यावर ती परसातून आत, बायकांत गेली. जाताना म्हणाली, "पिशवी खाली ठेवू नका." मी ती ओसरीवरच्या खुंटीला अडकवली आणि मांडवात पेपर वाचत बसलो.

मेहुणा दारातून ओरडला, "दाजी, अत्तर आणलं का?"

"पिशवीत आहे," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो. त्यानं एका पोराला खुंटीकडं पिटाळलं आणि पोरानं पिशवीत होती ती एकुलती बाटली आबांच्या हाती दिली, हे मला नंतर कळलं.

चाळीस वर्षं मी बातमीदारांना एकच प्रश्न विचारत आलो: खात्री केलीस का? तो प्रश्न त्या सकाळी मला कोणी विचारला नाही.

या घरात अत्तर लावायचा मान आबांचा. आबा म्हणजे बायकोचे चुलते, ऐंशीच्या पुढचे, भावकीतल्या प्रत्येक कार्यात दारात उभे. ते अत्तरदाणी वापरत नाहीत, कापूसही नाही. बाटलीच्या तोंडाला अंगठा लावायचा, बाटली उपडी करायची, आणि तो ओला अंगठा पाहुण्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर मनगटापासून बोटांपर्यंत ओढायचा. डावा हात पुढं केला तर ते तो बाजूला सारतात. कंजूसपणा त्यांना ठाऊक नाही. "अत्तर लावताना हात आखडला," ते सांगतात, "तर सोयऱ्याला वाटतं, ह्यांना सोयरीक जड झाली." म्हणून मुलाकडचे पाहुणे असले की अंगठा दोनदा.

मुलाकडचे कड्याहून आले होते, तीन जीप आणि एक मिनीबस भरून.

वास मला आधी लोकांच्या बोलण्यातून कळला. माझ्या मागच्या खुर्च्यांवर दोन माणसं येऊन बसली. एक म्हणाला, "काय बे, दाताच्या डाक्टरकडं आल्यासारखं वाटतंय."

"लवंग हाय," दुसरा म्हणाला. "आचाऱ्यानं मसाला लई टाकला वाटतं. आज जेवण झकास."

मी पेपर खाली ठेवला. मग उठून दाराशी गेलो. आबांनी माझा उजवा हात धरला आणि अंगठा ओढला. मी हात नाकाशी नेला. चार हिवाळे माझ्या हातावर होते.

बाटलीत तळाला बोटभर उरलं होतं. माझ्या मागं अजून रांग होती.

"आबा, थांबा," मी म्हणालो.

"कावून?"

"हे अत्तर ते नाही. हे दुसरं आहे."

"दुसरं हाय म्हनून तर लावतोय," आबा म्हणाले. "त्यो मोगरा लावूलावू माजा अंगठा आंबला. हे लई कडक हाय. माणूस एकदम जागा होतोय."

मी बाटलीला हात घातला. नेमकी तेव्हाच शेवटची जीप आली आणि तिच्यातून नवऱ्यामुलाचे थोरले चुलते उतरले. फेटा, पांढरा सदरा, मागं सात-आठ माणसं. त्यांनी दारात येताच उजवा हात पुढं केला. पुढं आलेल्या सोयऱ्याच्या हातासमोरून अत्तराची बाटली काढून घेतली तर काय होईल, याचा अंदाज मला होता. मेहुण्यालाही होता. तो माझ्याकडे असा बघत होता की मी बाटली सोडली. आबांनी अंगठा दोनदा ओढला. मग मागच्या सात-आठांना. शेवटच्या माणसाच्या हातावर त्यांनी बाटली पूर्ण उपडी करून बूड थोपटलं.

साडेअकरा वाजले होते.

बायकोला सांगायला मी परसात गेलो. भट्टीवर भात शिजत होता आणि बायका पातेल्यांभोवती बसून काकड्या कापत होत्या. मी तोंड उघडायच्या आत ती थबकली. तिचं नाक मांडवाच्या दिशेनं वळलं, मग माझ्या हाताकडं.

"किती?" तिनं विचारलं.

"सगळं."

काकडी कापणाऱ्या एका वहिनीनं विळी आडवी केली. बायको उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला चार माणसांत बोलेल, आणि दोन्ही योग्य होतं. तिच्या खांद्यांना हिसका बसला. ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडावर धरून. मग एकदम थांबली.

"पहिला हात किती वाजता?"

"साडेदहा."

"आणि शेवटचा?"

"आत्ता."

"बाई दोनला येणारे." ती बोटांवर मोजू लागली. "म्हणजे साडेतीन तासांचे हात आहेत, तीन तासांचे आहेत, अडीच तासांचे आहेत. माझ्या वहीत इतके हात कधी नव्हते. मी माझ्या एका मनगटावर करत होते सगळं." मग तिचा चेहरा पडला. "अहो, पंगत कधी आहे?"

"साडेबाराला."

"हात धुतील."

इथून पुढचा तास माझ्या स्मरणात सलग नाही. मेहुण्याला आम्ही भट्टीमागं गाठलं. तो आधी म्हणाला, "येसूर होतं ते? मंग नुकसान काय झालं?" मग बहिणीचं तोंड बघून त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि सरळ माइककडं गेला. माइकवर अंगठी कोणत्या बोटात घालायची यावर भटजी बोलत होते. मेहुण्यानं माइक त्यांच्या हातातून घेतला.

"पाव्हणे मंडळी, एक विनंती हाय. जेवताना कोनीबी उजव्या हाताची मागची बाजू धुवू नये. पुढची धुवा. मागची तशीच ठिवा. पुण्याहून एक बाई येनारेत, त्या बघनारेत."

मग मागून आवाज आला, "मतदानाची शाई लावली का काय बे?" आणि हशा झाला. मुलाकडच्या एकानं विचारलं, "बक्षीस हाय का?" मेहुणा म्हणाला, "हाय." कसलं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पंगत बसली. नेकनूरच्या ओट्यांवर, ताडपत्रीवर, जागा मिळेल तिथं माणसं आमटी-भात कालवत होती, आणि हात धुवायच्या पिंपाशी मी उभा होतो. माणसं एक एक येऊन तळहात पाण्याखाली धरत आणि पाठ आकाशाकडं ठेवत. हे प्रत्यक्षात फार अवघड आहे. काहींनी कोपरापासून वाकून केलं. एका आजोबांनी हात कपासारखा करून नातवाला त्यात पाणी ओतायला लावलं. तरी चाळीसेक लोकांनी साबण लावून चांगले खसाखसा दोन्ही बाजूंनी धुतले. मी नोंद घेतली.

पुण्याची बाई सव्वादोनला टॅक्सीनं आली. चाळिशीच्या आतली, कापडी पिशवी, कागदाच्या पट्ट्यांचं पाकीट, छोटी वही. बायकोनं तिला पाणी दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माझी चूकही नाही. बाईनं पट्ट्यांचं पाकीट पिशवीत परत ठेवलं.

"म्हणजे बाटलीत काही नाही?"

"काही नाही. पण मांडवात आहे."

बाईनं मांडवाकडं पाहिलं. जेवण झालेली दोनशे माणसं, अर्धी लवंडलेली. मग तिनं विचारलं, "सगळ्यात आधी कोणाला लावलं?"

त्यानंतरचा दीड तास मी आयुष्यात पाहिलेल्या कुठल्याही पत्रकार परिषदेपेक्षा शिस्तीत सुरू झाला आणि कुठल्याही पत्रकार परिषदेपेक्षा लवकर हाताबाहेर गेला. बाई एका खुर्चीवर बसली. बायको शेजारी वही घेऊन. एक एक माणूस येऊन हात पुढं करायचा, बाई वाकून हुंगायची, बायको वेळ विचारायची. पहिले पाच-सहा ठीक गेले. मग बायकांच्या बाजूला कोणीतरी सांगितलं की पुण्याची बाई हात बघून भविष्य सांगते. हाताची पाठ बघून, म्हणजे नवीन शास्त्र. लगेच रांग वाढली. हिरव्या लुगड्यातल्या एक आत्याबाई हात पुढं करून म्हणाल्या, "बाई, माज्या नातीचं कधी जमल, तेवढं बगा."

बाईनं हात हुंगला. डोळे मिटले. "छान," ती म्हणाली. "फारच छान. फूल पूर्ण उमललंय."

आत्याबाई मागं वळून ओरडल्या, "जमलं गं! फूल उमललं म्हनती!"

त्यानंतर रांगेला शेवट राहिला नाही.

पण सगळंच छान नव्हतं, आणि ते इथं नोंदवलं पाहिजे. तंबाखू मळणाऱ्यांच्या हातांवर लवंग आणि तंबाखू मिळून असा वास झाला होता की बाईनं मान फिरवली. जीपच्या एका चालकाच्या हाताला फक्त डिझेल होतं. आचारी सकाळपासून भट्टीजवळ होता. त्याच्या हातावर मध करपलेल्या गुळासारखा झाला होता. "गरमीत हे असं होतं," बाई म्हणाली, आणि बायकोनं ते लिहून घेतलं, नाराज न होता. तीस-चाळीस हातांवर काहीही सापडलं नाही.

आणि तरी. साबणानं धुतलेल्या हातांवर, ज्यांच्याबद्दल मी हळहळलो होतो, वास होता. तेल कातडीत मुरलं होतं. लवंग पाण्याबरोबर गेली होती, राहिलं होतं फूल, आणि त्याखाली ती ऊब. उन्हात बसलेल्यांचं फूल आधी संपलं होतं, सावलीतल्यांचं अजून चालू होतं. नवऱ्यामुलाच्या थोरल्या चुलत्यांना आबांनी दोनदा अंगठा ओढला होता. त्यांच्या हाताशी बाई इतका वेळ वाकून राहिली की त्यांचा फेटा हलायला लागला. "काय हो बाई," ते शेवटी म्हणाले, "आमच्या घरात सगळं बरं हाय ना?"

"सगळं उत्तम आहे," बाई म्हणाली, आणि हसायला लागली. ती हसली तशी बायको हसली, आणि मग रांगेतल्यांना कारण माहीत नसताना ती सगळी रांग हसायला लागली.

रांग मोडल्यावर बाईनं विचारलं, "ज्यांनी लावलं ते कुठे आहेत?"

आबा ओसरीवर घोरत होते. त्यांना उठवलं. त्यांनी अंगठा पुढं केला. दोनशे हातांवरून फिरलेला तो अंगठा तेलानं चकचकत होता. बाईनं हुंगला. मग पिशवीतून कापसाचा बोळा काढला, आबांना विचारून अंगठ्यावरून हळूच फिरवला, आणि एका छोट्या डबीत बंद केला.

"हे काय करनार?" आबांनी विचारलं.

"पुण्याला नेणार."

"न्या. पुन्हा लागलं तर अंगठा हायच हितं."

मग ती बायकोकडं वळली. मी शेजारी उभा होतो.

"लवंग निम्मी करा," बाई म्हणाली. "मग मी घेते."

बायकोनं वही मिटली. तिला हो म्हणणं किती सोपं होतं हे मला दिसत होतं. यादीत एक जागा होती, आणि पुढची यादी वर्षानं.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"तिसऱ्या हिवाळ्यात केली होती कमी. मध पहिल्याच तासात वर येतो आणि तासात जातो. पुढं नुसतं तिळाचं तेल. लवंग त्याला धरून ठेवते. तुम्ही आज जे हुंगलं ते लवंगेनं राखलेलं होतं."

"माझ्या दुकानात माणूस पाच मिनिटं थांबतो. चार तास नाही."

"मग थांबवू नका," बायको म्हणाली. "लावा आणि घरी जाऊ द्या. जेवू द्या, हात धुऊ द्या. दुसऱ्या दिवशी आला तर विका. नाही आला तर त्याला दुसरं काहीतरी द्या."

वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाशी ती ज्या आवाजात बोलायची तो आवाज होता. बाईनं डबी पिशवीतून पुन्हा काढली, उघडली, हुंगली. मांडवात डीजेवाला तारा गुंडाळत होता.

"साठ कुप्या," ती म्हणाली. "लवंग आहे तेवढीच. फेब्रुवारीपर्यंत मिळतील?"

"साठला दोन वाट्या तेल लागेल," बायको म्हणाली. "म्हणजे दुप्पट काटे."

"मग?"

"मिळतील."

मेहुणा हे सगळं ऐकत होता. त्यानं बहिणीच्या पाठीवर थाप मारली आणि मांडवाकडं तोंड करून ओरडला, "आमच्या बाईचं येसूर पुण्याला चाललं!" आणि त्या आनंदात ज्यानं बक्षिसाचं विचारलं होतं त्याला बोलावून एक टॉवेल दिला.

आम्ही पाचच्या एसटीनं निघालो. नेकनूर ते बीड त्या गाडीत साखरपुड्याचे पस्तीस-चाळीस लोक होते. खिडक्या उघड्या असूनही गाडी दोन मिनिटांत भरून गेली. कंडक्टर तिकिटं फाडत मधे आला, थांबला, वर बघितलं, सीटखाली बघितलं.

"कुनाचं काय सांडलंय?"

मग दोन-तीन माणसांनी हसू आवरत उजवे हात पाठीमागं घेतले.

बायको खिडकीशी बसली होती. देवबाभळीचा बांध ज्याचा आहे त्या माणसाला भेटायला हवं, हातमोजे मिळतात का पाहायला हवं, पोळं किती लागेल, असं ती एकसारखं बोलत होती. मग तिनं स्वतःचा उजवा हात नाकाशी नेला.

"मला नाही लागलं," ती म्हणाली. "मी परसातून आत गेले. आबांच्या दारातून गेलेच नाही."

तिनं माझा उजवा हात घेतला आणि नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला. मग खाली ठेवला.

"तुम्ही साबणानं धुतला?"

"दोनदा," मी म्हणालो. "सवयीनं. पिंपाशीच होतो."

"आणि काही नाही त्याला. कोऱ्या निघालेल्या तीस-चाळीस हातांत एक तुमचा." ती पुन्हा तशीच हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. पुढच्या सीटवर हिरव्या लुगड्यातल्या आत्याबाई होत्या. त्यांनी मागं न वळता आपला उजवा हात सीटच्या वरून मागं केला, बोटं थोडी हलवली.

"हे घे बाई," त्या म्हणाल्या. "माजा बघ. अजून हाय."

बायको पुढं झुकली आणि डोळे मिटून त्यांचा हात हुंगत राहिली.